एका हिंवाळ्यांत गेलेल्या जमिनी

इतिहास म्हणजे लढाया, राजधान्या आणि राजवंश यांची जंत्री, असा आपल्यांतील पुष्कळांचा समज असतो. आणि शेतकऱ्यास तिच्याशीं काय कर्तव्य, असा प्रश्नहि केव्हां केव्हां विचारला जातो. परंतु रोमच्या पडझडीनंतर जें साम्राज्य सुमारें हजार वर्षें टिकलें, त्याच्या बादशहांस आपल्या फौजेइतकीच काळजी खेड्यांतील लहान खातेदाराच्या वावराची लागून राहिली होती. ही हकीकत आमच्या वाचकांस मननीय वाटेल, म्हणून ती येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. ४७६ मध्यें इटलींतील शेवटचा रोमन बादशहा पदच्युत झाला. पूर्वेकडील राज्य मात्र बॉस्फरसच्या कांठच्या कॉन्स्टँटिनोपल शहरांतून चालूच राहिलें. त्यासच इतिहासकार बायझंटाइन साम्राज्य म्हणतात. आरंभीं या राजधानीचें पोट मिसर देशाच्या गव्हावर भरत असे. पुढें सातव्या शतकांत प्रथम इराण्यांनीं व नंतर इ. स. ६४२ पर्यंत अरबांनीं तो देश घेतला आणि नाईलकांठचा गहू कायमचा तुटला. तेव्हांपासून राजधानीची भाकर, सरकारचा सारा आणि फौजेंतील शिपाई यांचा मुख्य भार थ्रेस व आशिया मायनर येथील खेड्यांवर पडला.

तीं खेडीं कशीं होतीं, हें 'शेतकऱ्यांचा कायदा' या नांवाच्या ८५ कलमांच्या संग्रहावरून दिसतें. हा संग्रह सातव्या शतकाच्या अखेरीचा किंवा आठव्याच्या आरंभींचा मानतात. शेजाऱ्याच्या हद्दींत तास घालूं नये. घातल्यास नांगरट फुकट जाईल, आणि पेरणी केल्यास बीं व पीक दोन्ही जातील, असा त्याचा आरंभच आहे. पुढें अर्धेलीची शेती, गुरांनीं केलेली नासाडी, पाणचक्की यांविषयीं नियम आहेत. साऱ्याचा आकार गांवावर एकत्र बसे. एखाद्यानें जमीन टाकून दिली कीं त्याचा सारा शेजाऱ्यांच्या माथीं येई. म्हणून शेजाऱ्याचें बुडणें तें आपलेंच बुडणें, ही गोष्ट तेथें कोणास शिकवावी लागत नसे.

अशा स्थितींत इ. स. ९२७-२८ चा हिंवाळा आला. जमीन १२० दिवस गोठून राहिली होती, असें त्या काळाविषयींच्या बखरींत नमूद आहे. पीक गेलें, दुष्काळ पडला, माणसें मेलीं. घरांत दाणा नाहीं आणि सारा तर चुकत नाहीं, अशा वेळीं खरेदीदार दाराशीं येऊन उभा राहिला. तो कोण होता? सरकारी अंमलदार, सेनापति, दरबारी. तसेच बिशप आणि मठाधिपतिहि. तत्कालीन कायद्यांत यांस 'बलिष्ठ' व खेडुतांस 'दुर्बल' असें म्हटलें आहे. थोड्याशा नाण्यांवर किंवा धान्यावर पिढीजात वावरें विकलीं गेलीं, आणि कालचा मालक आपल्याच बांधावर दुसऱ्याचें कूळ होऊन राहिला.

बादशहा रोमानस लेकापेनस यानें इ. स. ९३४ मध्यें यावर कडक फर्मान काढलें. दुष्काळापासून बलिष्ठांनीं घेतलेल्या जमिनी मूळ मालकांस परत कराव्या; वाजवी किंमतीच्या निम्म्याहूनहि कमी दिलें असल्यास खरेदीदारास कांहींएक मिळूं नये; वाजवी किंमत दिली असल्यास विकणारानें ती तीन वर्षांत फेडावी, असा त्याचा आशय होता. यांत केवळ भूतदया होती असें नव्हे. सारा आणि शिपाई हे लहान खातेदाराकडूनच मिळतात, तो नाहींसा झाला तर राज्यहि राहणार नाहीं, असें फर्मानांतच स्पष्ट सांगितलें होतें.

धर्मसंस्थांचा प्रश्न याहून नाजूक होता. भाविक मठांस जमिनी अर्पण करीत, आणि मठाकडे गेलेली जमीन सहसा पुन्हां विक्रीस येत नसे. निकेफोरस फोकास हा बादशहा स्वतः मोठा धर्मनिष्ठ. एथॉस पर्वतावरील महामठ इ. स. ९६३ मध्यें त्याच्याच साह्यानें उभा राहिला. तरीहि पुढच्याच वर्षीं त्यानें नवे मठ स्थापण्यास आणि मठांस जमिनी देण्यास बंदी केली. दान करणें असेल तर मोडकळीस आलेल्या जुन्या मठांचा उद्धार करावा, असें सांगितलें.

दुसऱ्या बेसिलनें इ. स. ९९६ मध्यें आणखी पुढचें पाऊल टाकलें. चाळीस वर्षें वहिवाट दाखविली कीं जमीन पक्की होई. ही मुदत बलिष्ठ लोक आपल्या वजनाच्या जोरावर सहज भरून काढीत. ती सवलत त्यानें काढून घेतली. फिलोकालेस नांवाचा एक खेडूत मोठ्या हुद्द्यास चढला आणि त्यानें आपलें सबंध गांवच गिळंकृत केलें. बेसिलनें त्याचा वाडा पाडला, जमिनी गोरगरिबांस परत दिल्या आणि त्यास पुन्हां साधा खेडूत केलें. टाकलेल्या जमिनींचा साराहि त्यानें बलिष्ठांवर बसविला. परंतु बेसिल इ. स. १०२५ मध्यें वारला, आणि इ. स. १०२८ मध्यें गादीवर आलेल्या तिसऱ्या रोमानसनें हा शेवटचा नियम रद्द केला.

पुढें व्यापाराचीहि तीच गत झाली. रेडेस्टॉस बंदरीं शेतकरी गाड्यांतून धान्य आणून वाटेल त्या गिऱ्हाइकास विकीत. सातव्या मायकेलच्या कारकीर्दींत (१०७१–७८) त्याच्या मंत्र्यानें तेथें सरकारी वखार घातली आणि सर्व धान्य तेथेंच विकण्याची सक्ती केली. एका सुवर्णनाण्यास अठरा मापें मिळणारा गहू एका मापावर आला, असें मायकेल अट्टालिआटेस हा इतिहासकार लिहितो. तो स्वतः तेथील जमीनदार असल्यामुळें हा आकडा जरा जपून घ्यावा, तथापि इ. स. १०७७ च्या बंडांत लोकांनीं ती वखार जमीनदोस्त केली, यावरून त्यांचा संताप कळतो.

एवढ्यावरून साम्राज्य केवळ जमिनींच्या खरेदीनें बुडालें असें आम्ही म्हणत नाहीं. अकराव्या शतकांत लागवड व व्यापार वाढतच होते, असें आधुनिक संशोधक दाखवितात. जमीन पिकत होती. मात्र ती पिकविणारा तिचा मालक उरला नव्हता.

हे कायदे फसले कां? आमच्या मतें याचीं कारणें दोन. जे अंमलदार कायदा चालविणार, तेच बहुधा खरेदीदार होते, हें एक. दुसरें कारण अधिक विचार करण्यासारखें आहे. जमिनी गेल्या हिंवाळ्यांत. फर्मान निघालें सहा वर्षांनीं. ज्याच्याजवळ त्या हिंवाळ्यांत दोन पायली दाणा नव्हता, त्यानें पुढें तीन वर्षांत किंमत कोठून फेडावी? त्यास खरी गरज होती ती वेळेवर मिळणाऱ्या धान्याची व उसनवारीची. ती त्यास गांवांतच मिळती, तर खरेदीदार दारावरून परत जाता. गांवच्या पेवांत सुगीच्या वेळीं सर्वांनीं थोडें थोडें टाकलेलें धान्य हें अशा हिंवाळ्यांत कोणत्याहि बादशाही फर्मानाहून अधिक जमीन राखतें. येत्या सुगीस आपल्या गांवीं याचा विचार व्हावा, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.