देखाव्यापासून मांडणीशिल्पापर्यंत : विहारातली एक खोली पुरे आहे

एप्रिल जवळ आला की जयंती मंडळांच्या बैठकांत एकच विषय असतो. यंदा देखावा कोणता करायचा? धुळे-सोलापूर महामार्गावरच्या आपल्या चौसाळ्यासारख्या गावात असो की बीड शहरात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चवदार तळे, संसद, बोधिवृक्ष उभे राहतात. थर्माकोल, प्लायवूड, लायटिंग आणि मागे डीजे. डीजेवर किती वर्गणी जाते यावर आम्ही पूर्वीही लिहिले आहे, आज तो विषय नाही. आज त्या पोरांविषयी बोलायचे आहे, जी रात्र-रात्र जागून थर्माकोल कापतात. त्यांच्या हातात कला आहे. तिला दुसरीही एक वाट आहे. तिला मराठीत मांडणीशिल्प म्हणतात, इंग्रजीत इन्स्टॉलेशन.

फरक सोपा आहे. देखावा आपण रस्त्यावर उभे राहून पाहतो आणि तो जे सांगतो ते आपल्याला आधीच ठाऊक असते. मांडणीशिल्पात आपण आत शिरतो. तिथे बहुधा खऱ्या वस्तू असतात, कधी आवाज, कधी वास, कधी अंधार. कोणती वस्तू कशाशेजारी ठेवली आहे, यातून अर्थ निघतो, आणि तो ज्याचा त्याने काढायचा असतो. साध्या वस्तूलाही कला म्हणता येते का, हा वाद १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्यूशाँ याच्या नावाने गाजला. दुकानातून आणलेले मुतारीचे भांडे त्याने प्रदर्शनासाठी पाठवले आणि ते मांडायला नकार मिळाला. मुताऱ्या साफ करण्याचे काम ज्यांच्या माथी पिढ्यानपिढ्या मारले गेले, त्यांनी या प्रसंगावर अजून पुरेसे बोललेले नाही, असे आमचे मत आहे.

पण आपल्याला न्यूयॉर्कपर्यंत जायची गरज नाही. २५ डिसेंबर १९२७, महाड. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. तिथे छोटा खड्डा खणला, चंदनाची लाकडे रचली, कोपऱ्यांवर खांब रोवून फलक लावले आणि मनुस्मृती जाळली. यज्ञवेदीचा आकार तोच ठेवून तिचा अर्थ उलटा केला. बाबासाहेबांना कलाकार ठरवायचा आमचा हेतू नाही. वस्तू, जागा आणि कृती एकत्र मांडून विचार उभा करणे आपल्याला नवे नाही, इतकेच सांगायचे आहे.

त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले होते. हे आपण भाषणांत शेकडो वेळा ऐकले. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांनी त्यावर एक मांडणीशिल्प केले : पंचगव्य मिसळलेल्या पाण्याचे १०८ ग्लास आणि शीर्षकात एक प्रश्न, पाण्याची जात कोणती? भाषणात १०८ हा आकडा कानावरून जातो. ग्लास समोर रांगेने मांडलेले असतात तेव्हा तो मोजावा लागतो.

प्रभाकर कांबळे यांचे ‘उतरंड’ असेच आहे. उतरंड म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारावे लागत नाही : मोठे मडके खाली, लहान वर, आणि सगळ्यांचा भार तळाच्या मडक्यावर. ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला बिनजिन्याच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. कांबळे यांनी मातीच्या मडक्यांतून तीच गोष्ट २०२२ च्या बर्लिन बिएनालेत मांडली.

आता जागेचा प्रश्न. ही कला मोठ्या गॅलरीत जन्मत नाही, कारण मोठी गॅलरी विकली जाईल तेच लावते. ती जन्मते कलाकारांनी मिळून चालवलेल्या लहान खोल्यांत. मुंबईत कुलाब्याला २०१० मध्ये क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह ही अशी जागा सुरू झाली. क्युरेटर आणि तरुण कलाकार मिळून तिथे काम करत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते यांचे पहिले एकल प्रदर्शन २०१२ मध्ये तिथेच झाले. त्यांच्या घरातल्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. त्यांनी कोळशानेच थेट भिंतींवर चित्रे काढली. पुढे २०१४ मध्ये त्यांचे काम साओ पाउलोच्या बिएनालेपर्यंत गेले. अमोल पाटील हेही त्याच गटातले. आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटककार. २०२२ मध्ये ते जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या प्रदर्शनात होते.

तरी कुलाबा आपल्या वस्तीपासून लांबच. तिकीट नसले तरी दारात पाय अडखळतो आणि भिंतीवरची माहिती बहुधा इंग्रजीत असते. त्यापेक्षा आम्हाला अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे उदाहरण जवळचे वाटते. तिथे १९९३ मध्ये सात कृष्णवर्णीय कलाकारांनी आपल्याच वस्तीतली २२ पडीक घरे घेतली. काही घरांत मांडणीशिल्पे, काही घरांत लहान मुले असलेल्या एकट्या आयांची राहण्याची सोय. प्रोजेक्ट रो हाऊसेस हे त्याचे नाव.

यावर कार्यकर्ते एक खरा आक्षेप घेतात. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आपण फेकून दिला. १९५६ मध्ये धम्म घेतला, मेलेली ढोरे ओढणे सोडले. मग त्याच वस्तू कलेच्या नावाने परत समोर कशाला? नागपूरचे सवी सावरकर यांनी मडके आणि झाडू चित्रांत आणले, तेव्हाही हा प्रश्न होताच. आम्हाला तो फेटाळता येत नाही. परदेशातल्या श्रीमंत खरेदीदारासाठी आपले दुःख सजवले जात असेल, तर तो आक्षेप बरोबरच आहे. पण तीच वस्तू आपल्या माणसाने आपल्याच विहारात, आपल्याच पोरांसमोर ठेवली तर ती पुरावा ठरते. कोणी ठेवली आणि कोणासाठी, यावर सगळे अवलंबून आहे.

चौसाळ्याच्या पट्ट्यात पुरावे कमी नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम कोयत्यावर उचल देतो. दोन माणसे मिळून एक हत्यार मोजले जाते आणि त्यातली बाई तर हिशेबात वेगळी दिसतच नाही. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. बातमी आली, गेली. समाजमंदिराच्या एका खोलीत पाल ठोका. आत कोयता, कळशी, उचलीच्या हिशेबाची वही ठेवा. भिंतीवर चुलीतल्या कोळशाने १३ हजार रेघा ओढा. दहा पोरांनी ओढल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला तेराशे येतील आणि बोटे काळी होतील. मात्र कोणत्याही बाईचे नाव नको, फोटो नको, आणि काय मांडायचे हे आधी वस्तीतल्या बायकांना विचारायचे.

काळही आपल्याकडे ठरलेलाच आहे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन असते आणि तेव्हा तोडकरी गावातच असतात. प्रदर्शन वाचनानंतर अर्धा तास उघडे ठेवले तरी चालेल. अश्विन पौर्णिमेच्या सुमारास ते उतरवावे लागेल, कारण ताडपत्री, कळशी आणि कोयता तेव्हा घरच्यांना परत हवे असतात. टोळीचा टेम्पो दारात आलेला असतो.