क्वाड बाइकच्या टाकीत पेट्रोल किती उरले?

चार जाड टायरांच्या क्वाड बाइकवर पेट्रोलचा अंदाज चुकला, तर मदत मैलोगणती दूर असते. कार्ब्युरेटरच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना काटाच नसतो. असतो तो आपल्या मोटारसायकलींवरून ओळखीचा रिझर्व्हचा कॉक. टाकीत एक नळी उंच, दुसरी तळाशी. पातळी उंच नळीच्या खाली गेली की इंजिन आचके देते. कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवला की तळचे पेट्रोल मिळते. मात्र टाकी भरल्यावर कॉक परत ‘ऑन’वर आणायला हवा. तो विसरला, तर पुढच्या वेळी इशारा न मिळताच गाडी थांबते.

काटा असला तरी चढावर त्याच्यावर विसंबू नका. आत तरंगणारा फ्लोट असतो. गाडी कलली की पेट्रोल एका बाजूला जाते आणि काटा फसवतो. सपाटीवर थांबून पाहावे.

किलोमीटरचा हिशेबही अपुराच. वाळूत, चिखलात चाके जागीच फिरतात, खालच्या गिअरमध्ये पेट्रोल भराभर जाते. अशा वेळी इंजिन किती तास चालले, हे मोजणारे मीटर मला जास्त भरवशाचे वाटते. पंधरा लिटरची टाकी असेल, तर पाच जायला, पाच यायला, पाच राखीव.

सगळ्यात साधा उपाय कोरड्या, स्वच्छ लाकडी पट्टीचा. रिकाम्या टाकीत एकेक लिटर ओतत पट्टीवर खुणा करून घ्याव्यात. झाकण मात्र इंजिन थंड झाल्यावरच उघडावे, आणि अंधारात डोकावताना काडी कधीच पेटवू नये.