चित्रातील पात्राचा आवाज : 'चिंटू'च्या पडद्यावरील अवताराच्या निमित्ताने

बालपणी चित्ररूपाने परिचित झालेले पात्र पुढे हाडामांसाच्या नटाच्या रूपाने पडद्यावर आले की, त्याविषयीची चर्चा बहुधा चेहऱ्याभोवती फिरते. केसांची ठेवण तीच आहे काय, अंगलट जुळते काय, पोशाख बदलला काय, असे प्रश्न विचारले जातात. आवाजाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. भाषेच्या अभ्यासकाला हा उपेक्षित प्रश्नच अधिक महत्त्वाचा वाटावयास हवा. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका मराठी उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

प्रारंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दूरदर्शन संचावरील कार्टून मालिकेतील पात्राला चेहऱ्याबरोबर आवाजही असतो. छापील चित्रमालिकेतील पात्राला केवळ चेहरा असतो. 'ट्रान्सफॉर्मर्स' ही अमेरिकन कार्टून मालिका १९८४ साली सुरू झाली. तिच्यावर आधारलेला, खरे नट घेऊन काढलेला साहसपट २००७ साली मायकेल बे यांनी दिग्दर्शित केला. त्यात ऑप्टिमस प्राइम या यंत्रमानवाची घडण बरीच बदलली. परंतु त्याला आवाज दिला तो मूळ मालिकेतील पीटर कलन यांनीच. देह बदलूनही आवाजाच्या बळावर पात्राची ओळख कशी टिकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

'चिंटू'ची स्थिती याहून वेगळी. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या 'सकाळ'मध्ये सुरू झाली. श्रीरंग गोडबोले यांनी दिग्दर्शित केलेला 'चिंटू' हा चित्रपट २०१२ साली आला आणि 'चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा' हा पुढचा चित्रपट २०१३ साली. चार-दोन चौकटींत संपणाऱ्या विनोदाला खजिन्याच्या शोधाचे साहस जोडले गेले, हा बदल सर्वांच्याच नजरेत भरला. परंतु दोन दशके केवळ वाचला गेलेला मुलगा प्रथमच बोलू लागला, हा बदल त्याहून मूलगामी होता.

चौकटीतील फुग्यात नेमके काय लिहिलेले असते? शब्द असतात आणि दोन-तीन विरामचिन्हे असतात. 'आई!' हे एवढेच अक्षररूप हाक, हट्ट, तक्रार किंवा लाडीगोडी यांपैकी कशाचेही असू शकते. सुराची चढउतार, स्वराची लांबी, आघात यांची नोंद लिपी करीत नाही. किंबहुना मराठीतील काही वर्णभेदही ती दाखवीत नाही. 'जग' हा शब्द विश्व या अर्थी तालव्य ज-ने उच्चारला जातो, तर 'जगणे'चे आज्ञार्थी रूप म्हणून दंततालव्य ज-ने. लेखनात दोन्ही एकच. ही उणीव वाचक भरून काढतो, आणि ती स्वतःच्या बोलीने भरून काढतो. म्हणून छापील चिंटूला जितके वाचक तितके आवाज होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

पुण्याच्या पश्चिमेस असलेल्या मुळशी तालुक्याचा विचार केला म्हणजे या विधानाचा अर्थ अधिक स्पष्ट होईल. एकाच तालुक्यात एका टोकास हिंजवडीच्या सदनिका आहेत, तर दुसऱ्या टोकास ताम्हिणी घाटाकडील वाड्या-वस्त्या. फुग्यात 'होय' असे छापलेले असले, तरी ज्या घरात 'व्हय' म्हणतात त्या घरातील मूल चिंटूला आपल्याच सुरात, प्रसंगी आपल्याच रूपात बोलवू शकते. त्यासाठी चिंटूला खेडवळ ठरवावे लागत नाही. तो सहजच त्याच्या आळीतला होतो. चित्रपटात ही मोकळीक उरत नाही. तेथे एक बालनट बोलतो, आणि तो ज्या उच्चाराने बोलेल तोच यापुढे चिंटूचा उच्चार ठरतो.

साहसप्रधान कथेत आणखी एक गोष्ट घडते. चित्रात 'धडाम्', 'फट्' यांसारखे अनुकरणवाचक शब्द अक्षरांच्या आकारासह लिहिलेले असतात. पडद्यावर त्यांची जागा प्रत्यक्ष ध्वनी घेतो आणि शब्द नाहीसा होतो. याची उलट बाजू भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेत दिसते. फेणे हा चित्रमालिकेतला नव्हे, तर साहसकथांतला नायक. पण त्याचे 'ट्टॉक्' सर्वांना ठाऊक आहे. जीभ टाळूस चिकटवून झटक्याने सोडल्याने होणारा हा ध्वनी झुलूसारख्या आफ्रिकी भाषांत अर्थभेदक वर्ण म्हणून येतो. मराठीत त्याला वर्णाचे स्थान नाही आणि देवनागरीत त्याला चिन्हही नाही. भागवतांनी तो उपलब्ध अक्षरांत बसविला. परिणामी, जीभ वाजविणारा वाचक आणि 'टॉक' असे सरळ वाचणारा वाचक, असे दोन वर्ग संभवतात. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघ यांनी फेणे साकारला. अशा वेळी नटाला या दोहोंपैकी एकाची निवड करणे भाग पडते.

याचा अर्थ चित्रपटाने काही अपराध केला असा नव्हे. बोलणाऱ्या माणसाला कोणती तरी एक बोली असणारच. प्रश्न आहे तो पुढच्या वाचनाचा. चित्रपट पाहिल्यानंतर ताम्हिणीकडील मूल तोच फुगा पुन्हा वाचते, तेव्हा ते आपल्या सुरात वाचते, की ऐकलेल्या सुराची नक्कल करते? नक्कल करीत असेल, तर 'माझ्या बोलण्यात चिंटू बोलत नाही' असा निष्कर्ष ते नकळत काढीत आहे. आणि बोलीविषयीचा न्यूनभाव अशाच लहान निष्कर्षांतून साचत जातो.

हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु ते तपासून पाहता येण्याजोगे आहे. चित्रपट न पाहिलेल्या मुलांकडून चित्रमालिकेतील काही संवाद मोठ्याने वाचून घ्यावेत, ते ध्वनिमुद्रित करावेत, आणि चित्रपट दाखविल्यानंतर काही दिवसांनी पुन्हा तेच करावे. हिंजवडी आणि ताम्हिणी येथील नोंदी शेजारी ठेवून सूर, स्वरांची लांबी व शब्दरूपे यांची तुलना करावी. पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातील हे काम आहे. बोलींचे संशोधन म्हणजे केवळ वृद्धांच्या तोंडचे जुने शब्द टिपणे, अशी समजूत विद्यार्थ्यांत रूढ आहे. एखादे मूल आवडत्या पात्राला कोणाचा आवाज देते, हेही बोलीच्या भवितव्याचे तितकेच विश्वसनीय गमक ठरू शकेल.