यांत्रिक नौकेच्या इंजिनातील किरकोळ तेलगळती

मासेमारी नौकेच्या इंजिनातून दर दहा सेकंदांस एक थेंब तेल गळले, तरी दिवसभरात पाव ते अर्धा लिटर तेल जाते. तेल फार उतरल्यास भर समुद्रात बेअरिंग जळण्याचा संभव असतो. म्हणून निघण्यापूर्वी तांडेलाने दांडीने पातळी पाहावी. गळती दिसताच बोल्ट करकचून आवळणे ही सर्रास आढळणारी चूक होय; त्यामुळे पॅकिंग चेपून फाटते. इंजिन पुसून कोरडे करावे, थोडा वेळ चालवून बंद करावे व सर्वांत वरचा ओला डाग शोधावा. तेल ओघळत खाली येते, त्यामुळे थेंब पडतो तेथेच दोष असतो असे नाही. आतील वायू बाहेर सोडणारी ब्रीदर नळी तुंबल्यास दाब वाढून चांगल्या सांध्यांतूनही तेल पाझरते. ती प्रथम साफ करावी. तळाशी साचलेले तेल चिंध्यांनी टिपावे. ते पाण्याबरोबर खाडीत उपसू नये.