शेजारच्या रानात प्लॉट पडतात तेव्हा

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना अलीकडे एक गोष्ट वारंवार नजरेस येते. मागल्या हंगामात जेथे ऊस उभा होता, तेथे चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खांब दिसतात. रान विकणारा पुष्कळदा आपलाच सभासद असतो, घर बांधणाराही आपल्याच भागातला. त्याला आमची हरकत नाही. प्रश्न आहे बांधाला लागून ऊस असणाऱ्या शेतकऱ्याचा. म्हणून या अंकात खताऐवजी या विषयाची माहिती देत आहोत.

नकाशा कोण तपासतो?

बिनशेतीचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच बदलले. तरी प्लॉट पाडायचे तर ले-आउट मंजूर करून घ्यावाच लागतो. नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, आपल्यासारख्या खेड्यांत, नगररचना खाते नकाशाची छाननी करते व जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात मंजुरी मिळते. जमीन कोणत्या झोनमध्ये आहे, रस्ता किती रुंद, सांडपाणी कोठे जाणार, नदीकाठ असल्यास पूररेषा कोठून जाते, हे पाहिले जाते. 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा जास्त क्षेत्र असेल तर 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. चार एकरांत ही जागा 16 गुंठे होते.

मात्र छाननी होते ती कागदावर. तुमच्या उसाचे पाणी ज्या चरातून जाते तो चर नकाशावर नसेल, तर तपासणाऱ्याच्या दृष्टीने तो नाहीच!

आमच्याच गटातील अनुभव

एका सभासदाच्या वरच्या अंगाला ऊस, खालच्या चार एकरांत प्लॉट. मोजणीची नोटीस त्यांना आली होती, पण तोडणी चालू होती, ते गेले नाहीत. जुना चर नकाशावर आलाच नाही. रस्त्यासाठी मुरूम पडला, चर बुजला. पहिल्याच पावसाळ्यात उसात पाणी तुंबले, मुळ्या कुजल्या, फुटवे गेले. "बघू, करू" म्हणत वर्ष निघून गेले. आम्हीही नोंदवही घेऊन त्या बांधावरून अनेकदा गेलो होतो. चुन्याच्या रेघा पाहिल्या, पण चराचे काय, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. ही चूक आमचीही आहे.

सभासदांनी काय करावे?

1. मंजुरीपूर्वी शेजाऱ्याला विचारले जाईलच असे धरून बसू नये. मोजणीची नोटीस मात्र लगतच्या खातेदारांना येते. त्या दिवशी तोडणी असली तरी घरातले कोणीतरी हजर राहावे. ओढा, चर, पाणंद, वहिवाटीची वाट मोजणीदारास दाखवावी.

2. लिफ्टची पाइपलाइन दुसऱ्याच्या रानातून गेली असेल तर तिची नोंद त्या गटाच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात आहे का, हे आजच पाहावे. तोंडी कबुली जमीन विकली की संपते.

3. प्रकरण सुरू असल्याचे कळताच तहसील व नगररचना कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. "प्लॉट नकोत" एवढेच लिहून भागत नाही. "अमुक गटातून अमुक चर जातो, तो नकाशावर दाखवून खुला ठेवावा," असे नेमके लिहावे.

4. वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मुदत 6 महिन्यांची आहे. वर सांगितलेल्या सभासदांची ती निघून गेली.

प्लॉट घेणाऱ्यांनाही एक सांगणे

मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. पुढे नियमित होईल, या भरवशावर राहू नये. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने जुने प्लॉट नियमित करण्याची सोय झाली, 2021 मध्ये तिची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटना वाढवली. पण कागद नियमित झाला म्हणून सखल जागा उंच होत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेले, ते आपण सर्वांनी पाहिले.

अर्ज लिहिण्यास अडचण असेल त्यांनी सातबारा आणि गटाचा नकाशा घेऊन गट ऑफिसात यावे. आमचे कर्मचारी बरोबर येऊन चर पाहतील.

आपले,
ऊस विकास अधिकारी व शेतकी खाते