इंजिनाच्या मेंदूतील पाठभेद

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लिहावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. पण इगतपुरीकराला चढ म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. कसाऱ्याहून वर येताना आगगाडीलासुद्धा मागून जादा इंजिने लागतात. मग भरलेल्या जीपची काय कथा! शिवाय महिंद्राचा इंजिनांचा कारखाना गावातच आहे.

माझा मामेभाऊ याच घाटात प्रवासी गाडी चालवतो. कर्ज काढून घेतलेली नवी गाडी चढावर जोर धरीना, म्हणून एका कारागिराकडून त्याने तिचे 'ट्यूनिंग' करून घेतले. सात महिन्यांत टर्बो गेला. वॉरंटी शिल्लक होती. कारागीर म्हणाला, "जुना प्रोग्राम परत घालून देतो, शोरूमवाल्यांना पत्ता लागायचा नाही." खरेच लागत नाही काय? सुटीभर मी या प्रश्नाच्या मागे होतो.

आजच्या इंजिनात डिझेल किती, केव्हा व किती दाबाने सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याच्या स्मृतीत आकड्यांचे तक्ते असतात. ट्यूनिंग म्हणजे हे तक्ते बदलणे. बॉनेट उघडून पाहिले तर काहीच दिसत नाही.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. हस्तलिखितांत नकलाकारांनी पाठ बदलले, म्हणून एकनाथमहाराजांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली. संगणकात ताडून पाहण्याचे हे काम एक आकडा करतो. प्रोग्राममधील सर्व अक्षरांवर ठरावीक गणित करून तो काढतात. कोठे एक अक्षर बदलले तरी उत्तर बदलते. कंपनीच्या नोंदीशी ते जुळले नाही की चोरी पकडली गेली. फोक्सवॅगन व ऑडीच्या गाड्यांत असा फरक सापडल्यास कंपनीच्या दप्तरी त्या गाडीवर 'टीडी-१' अशी खूण पडते.

जुना प्रोग्राम परत घातला तर आकडा जुळतो, हे खरे. पण पुष्कळ संगणक आपल्यावर किती वेळा लिहिले गेले याची मोजदाद ठेवतात. शोरूमच्या वहीत एकही नोंद नाही आणि गाडी म्हणते दोनदा, मग काय उत्तर द्यायचे?

तरीही 'कळू शकते' आणि 'कळते' यांत अंतर आहे. नेहमीच्या सर्व्हिसिंगला बहुधा बिघाडाचे संकेत तेवढे वाचतात. जुन्या गाड्यांचा व्यापारी तर चार टायर पाहतो आणि एक चक्कर मारतो. मोठ्या खर्चाची मागणी कंपनीकडे गेली, की मगच कसून तपासणी होते.

गंमत म्हणजे प्रोग्रामची लबाडी कंपन्यांनीही केली आहे. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारा प्रोग्राम फोक्सवॅगनने सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत घातला होता. २०१५ साली ते उघडकीस आले, तेही धावत्या गाडीचा धूर मोजल्यामुळे. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या तपासणीनंतर भारतातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

हे सारे मी मामेभावाला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये जाऊन त्याने ट्यूनिंग केल्याचे स्वतःच सांगून टाकले. वॉरंटी नाकारली गेली. टर्बोचे पैसे भिशीतून उभे केले. आता मूळ प्रोग्रामवर गाडी चालते आणि घाटात तो दोन सवाऱ्या कमी घेतो.