डिफ्थेरिया : शब्दाची फोड व उच्चार

घटसर्प या रोगाचे पाश्चात्त्य वैद्यकातील नाव डिफ्थेरिया होय. इंग्रजी उच्चारात त्याचे चार अवयव पडतात : डिफ्–थी–रि–आ, आघात दुसऱ्यावर. फ् आणि थ लागोपाठ आल्याने जीभ अडखळते व 'डिप्थेरिया' असा उच्चार ऐकू येतो.

मूळ ग्रीक शब्द 'दिफ्थेरा', म्हणजे कमावलेले कातडे. प्राचीन ग्रीक 'फ' हा इंग्रजीप्रमाणे दात ओठास लावून काढीत नसत. तो आपल्या 'फळ' शब्दातल्यासारखा महाप्राण होता. म्हणून इंग्रजीपेक्षा देवनागरीच त्यास अधिक जवळची, ही मौजच म्हणावयाची!

रोग्याच्या घशात चामड्यासारखा चिवट, करडा पापुद्रा धरतो. तो ओरबाडल्यास रक्त येते, आणि वाढल्यास लहान मुलाचा श्वास कोंडतो. हा पापुद्रा पाहूनच फ्रेंच वैद्य ब्रेतोनो यांनी १८२६ मध्ये ग्रीक शब्दावरून रोगाचे नाव योजिले.

येथील 'दि' म्हणजे दोन नव्हे. संयुक्त स्वरास 'डिफ्थाँग' म्हणतात, त्यात 'दि' म्हणजे दोन व 'फ्थाँगोस' म्हणजे ध्वनी. तेथे अर्थाची फोड दि–फ्थाँग, उच्चाराची मात्र डिफ्–थाँग. तीच अर्थाची फोड डिफ्थेरियास लावू गेल्यास कातडे फाटते, अर्थ हाती लागत नाही.

बालकांस टोचण्यात येणाऱ्या डीपीटी लसीच्या नावातील 'डी' तो हाच.